काजवे, करवंदं आणि दोन लहान पोरं : भंडारदऱ्याचे दिवस

शाळा सुरू व्हायच्या आधीचा आठवडा पोरांना घरात काढायला फार अवघड जातो. मामाचं गाव होऊन गेलेलं असतं, शिबिरं संपलेली असतात आणि ठाण्यातला उकाडा तर विचारूच नका. म्हणून यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदरा ठरवलं, मुख्य कारण काजवे. आमची मोठी साडेसहा वर्षांची, धाकटा नुकताच तीनचा झालाय, आणि बरोबर सासूबाई. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की एवढी लहान मुलं घेऊन तिकडे करणार काय, ट्रेक तर होणार नाही. ट्रेक करायचाच नव्हता. एकाच घरी मुक्काम, दिवसाला एकच ठिकाण, दुपारची झोप चुकवायची नाही आणि पोरं जिथे रमतील तिथे आपण बसायचं, एवढंच ठरवून निघालो होतो. लहान मुलांना डोंगर दाखवायचा तर असाच दाखवावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

बुधवार : ठाणे ते मुरशेत

सकाळी सहाला निघालो. नाशिक हायवे, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, आणि घोटीला हायवे सोडून उजवीकडे. गाडी नसेल तर कसारा लोकलने येऊन पुढे जीप मिळते, पण लहान मुलं आणि सामान असेल तर स्वतःची गाडी किंवा ठरवलेली गाडीच बरी.

कसारा घाटात धाकट्याला दरवेळी उलटी होते, यावेळी झाली नाही. काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. निघताना दूध अजिबात दिलं नाही, कोरडी पोळी आणि गूळ दिला, शहापूर गेल्यावर मोबाईल आणि चित्रांचं पुस्तक दोन्ही काढून घेतलं, एसी बंद करून काच खाली केली आणि घाट सुरू व्हायच्या आधी आलेपाकाचा अगदी छोटा तुकडा चघळायला दिला. आजीने गाण्याच्या भेंड्या लावल्या त्याचाही वाटा असणार, कारण लांब बाहेर बघत गाणी म्हणण्यात घाट कधी संपला त्याला कळलंच नाही.

घोटीला मिसळ खाल्ली, पेट्रोल भरलं आणि पैसे काढले. ही तिन्ही कामं घोटीतच उरका, पुढे भरवसा नाही.

घोटी सोडलं की हवाच बदलते. शेतांमध्ये मध्येच काळे चौकोन दिसत होते, मोठीने विचारलं इथे आग लागली होती का? ते राब भाजलेले तुकडे. पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून जमीन भाजतात आणि तिथेच भाताचं रोप टाकतात, मग पाऊस लागला की ते उपटून बाकीच्या खाचरांमध्ये लावतात. मला हे पुस्तकातून माहीत होतं, पण पोरीला गाडीतून उतरून त्या काळ्या मातीला हात लावायचा होता, तर उतरलो. हात काळे, फ्रॉक काळा. पण भात कुठून येतो ते तिला तिथे समजलं.

बारी गाव लागलं आणि कळसूबाई समोर आली. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. माथ्यावर ढग होता. धाकट्याने "टाटा" केलं.

आमचा मुक्काम शेंडी गावाच्या पुढे मुरशेतच्या बाजूला, जलाशयाच्या काठाजवळ एका कुटुंबाच्या घरी होता. दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या, बाथरूम जोडून, पुढे मोठी पडवी आणि समोर अंगण. फोनवर बोलतानाच मी तीन गोष्टी विचारल्या होत्या, बाथरूम खोलीला जोडून आहे का, अंगणाला कुंपण आहे का आणि विहीर उघडी आहे का. लहान मुलं असतील तर तुम्हीपण नक्की विचारा, तलावाचा व्ह्यू कसा आहे हे नंतर.

घरातल्या मावशी दारातच उभ्या होत्या. सासूबाईंना म्हणाल्या, "या आजी, बसा, पोरांना तहान लागली आसंल." धाकटा पाण्याकडे गेलाच नाही, तो थेट गोठ्यात. तिथे डांगी गाईचं वासरू होतं, पांढऱ्यावर काळे ठिपके, आणि पुढचे सगळे दिवस या मुलाचा पत्ता म्हणजे तो गोठा. डांगी ही याच पट्ट्यातली गाय. मावशींच्या मुलाने सांगितलं की तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे इथल्या धो धो पावसात ती टिकते, दुसऱ्या जातीची जनावरं आजारी पडतात. मोठीने लगेच वासराच्या पाठीवर हात फिरवून बघितलं, खरंच तेलकट लागतंय म्हणाली.

चार वाजता आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. असा गडगडाट आमच्या पोरांनी कधी ऐकलाच नव्हता, बिल्डिंगमध्ये खिडक्या बंद केल्या की संपलं, इथे पडवीत बसलं तर अख्खा डोंगर आवाज परत देतो. वीज गेली, नेटवर्क तर आधीच गेलं होतं. धाकटा माझ्या कुशीत शिरला आणि मोठी पडवीच्या टोकाला जाऊन हात बाहेर काढून उभी. दोघं एकाच घरातली.

संध्याकाळी मावशींनी चुलीवर नागलीच्या भाकरी आणि पिठलं केलं, बरोबर लसणाचा ठेचा आणि पोरांसाठी वेगळं बिनतिखट वरण-भात. भात इंद्रायणी, गरम गरम, वर घरचं तूप. घरी पोळीचे दोन घास खाताना रडवणाऱ्या धाकट्याने वाटीभर भात मागून खाल्ला. मोठीला मावशींनी पिठाचा गोळा दिला आणि तिने थापलेली वेडीवाकडी भाकरी खरंच तव्यावर टाकली, ती कुणी खायची यावर पुढे भांडण.

जेवताना मावशींनी कळसूबाईची गोष्ट सांगितली. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण तिची अट होती की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस पाहुणे आले, भांडी घासायला लावली. तिने भांडी घासली आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली, ती तिथेच राहिली. जिथे भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. पोरगी घास तोंडात धरून ऐकत होती. मग गंभीर आवाजात विचारलं, "पण तिने आधीच सांगितलं होतं ना? मग त्यांनी ऐकलं का नाही?" मावशी म्हणाल्या, "तेच ना बाय." मला हा संवाद फार आवडला.

काजवे त्या रात्री नाहीत. मावशींचा मुलगा अंगणात जाऊन बघून आला, म्हणाला एवढ्या पावसानंतर नाही दिसायचे, उद्या बघू. म्हणूनच सांगते, काजव्यांसाठी एकाच रात्रीचा बेत करू नका. मे अखेर ते मोठा पाऊस सुरू होईपर्यंतचा हा खेळ, मधली एखादी रात्र पावसात जाणारच.

गुरुवार : धरण, आणि ती रात्र

सकाळी हवा धुतलेली. उठल्या उठल्या पोरं गोठ्यात. दहा वाजता धरणावर गेलो.

भंडारदऱ्याचं धरण प्रवरा नदीवर आहे, काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. उंची ८२ मीटर, सगळी दगडी भिंत. जूनच्या सुरुवातीला पाणी खूप खाली गेलेलं असतं, त्यामुळे फोटोत दिसतो तसा निळा तलाव अपेक्षेत ठेवू नका, काठाला चिखल आणि भेगा पडलेली जमीन दिसते. भिंतीपाशी जो अंब्रेला धबधबा आहे तो धरणातून पाणी सोडलं तरच वाहतो, आम्हाला नुसता खडक दिसला. सासूबाईंना मात्र ती भिंतच आवडली, बराच वेळ दगडांचे सांधे बघत होत्या.

या जलाशयाला आता आद्य क्रांतिवीर राघोजी भांगरे यांचं नाव आहे. राघोजी याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले. सावकार आणि इंग्रज सरकार दोघांविरुद्ध उभे राहिले, आणि २ मे १८४८ ला त्यांना फाशी दिली ती आमच्या ठाण्याच्या तुरुंगात. त्या तुरुंगाच्या भिंतीवरून आम्ही आठवड्यातून कितीतरी वेळा जातो. नवऱ्याने मोठीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्यांना इथून तिकडे नेलं? एवढ्या लांब? घाटातून?" इथून नाही, त्यांना पकडलं ते पंढरपूरला, आणि तिथून ठाण्याला नेलं. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मुलांना एवढं समजतं, आपणच उगाच सोपं करून सांगायला जातो.

दुपारी सगळे झोपले. हे मुद्दाम. रात्री जागवायचं तर दुपारी दोन तास झोप झालीच पाहिजे, नाहीतर काजव्यांच्या झाडाखाली रडारड ठरलेली. संध्याकाळी साडेसहालाच पोरांना जेवू घातलं, पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे, बूट आणि डासांचं क्रीम.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याची प्रवेश फी असते, रात्री फिरण्याची वेळ ठरलेली असते आणि नियम वर्षागणिक बदलतात, त्यामुळे निघण्याआधी मुक्कामाच्या घरी विचारून घ्या. आणि गावातला माणूस बरोबर घ्या. कुठल्या झाडावर कालपरवा जास्त होते ते त्यालाच माहीत असतं. आमच्याबरोबर मावशींचा मुलगा होता. त्याने निघताना आमच्या टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद रबराने बांधला, टॉर्च जमिनीकडेच धरायचा म्हणून बजावलं, आणि पोरांना सांगितलं की रस्ता सोडून गवतात पाय टाकायचा नाही, कारण माद्या खाली गवतात बसलेल्या असतात, अंडी ओल्या मातीत असतात, आपण तुडवली तर पुढच्या वर्षी काय बघणार? मोठीने ही जबाबदारी अशी अंगावर घेतली की बाबाचा पाय जरा कडेला गेला की ओरडत होती.

सुरुवातीला एक, मग दोन. धाकटा बाबाच्या खांद्यावर, "कुठाय, कुठाय" चालू. वळण घेतलं आणि समोर एक मोठं सादड्याचं झाड, खालपासून शेंड्यापर्यंत भरलेलं. आधी नुसतं लुकलुकत होतं, जिकडेतिकडे, आणि मग हळूहळू ते सगळे एका लयीत यायला लागले. एकदम पेटायचं सगळं झाड, एकदम विझायचं. विझलं की मिट्ट काळोख, आणि परत. शेजारच्या हिरड्यावरही तेच, पण त्याची लय थोडी मागेपुढे. धाकटा म्हणाला, "आई, झाड डोळे मिचकावतंय." मी नवऱ्याचा हात धरला होता, बोलायला काही सुचेना. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, कोकणात वाढलेल्या, लहानपणी काजवे भरपूर बघितलेले, त्या म्हणाल्या, "एवढे मी पण नव्हते बघितले गं."

मोठीचे प्रश्न सुरू झाले. ते दिवे का लावतात? उडणारे बहुतेक नर असतात, लुकलुकून ते मादीला खूण करतात, मादी खालून उत्तर देते. आग असते का आत? नाही, पोटात दोन रसायनं एकत्र येतात, त्यातून उजेड होतो पण उष्णता जवळजवळ नाही. खातात काय? लहानपणी अळी असताना गोगलगायी खातात, मोठे झाल्यावर फारसं काही खात नाहीत आणि थोडेच दिवस जगतात. हे शेवटचं ऐकून तिने विचारलं, "मग आपण आलो ते बरं झालं ना?" हो ग बाळा.

मध्येच एक गाडी आली, हेडलाइट फुल, गाणी जोरात. उजेड पडला तशी झाडावरची लय मोडली, पंधराएक मिनिटं नीट जमलीच नाही. मावशींचा मुलगा शांतपणे गेला, हात जोडून विनंती केली, त्यांनी दिवे बंद केले. गुरुवार होता म्हणून एकच गाडी. शनिवार-रविवारी इथे रांगा लागतात, लोक फ्लॅश मारतात, काजवे बाटलीत भरतात. ज्या उजेडावर त्यांची भेट अवलंबून आहे तोच आपण पुसून टाकतो, मला याचा खरंच त्रास होतो. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशीच या, गाडी लांब लावून चालत जा आणि फोटोचा नाद सोडा, मोबाईलमध्ये तसंही काही येत नाही.

शुक्रवार : रतनवाडी

जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला गेलो. रस्ता काही ठिकाणी खराब, पण घाई नव्हती. वाटेत करवंदांच्या जाळ्या. करवंदं तोडणं हा साडेसहा आणि तीन दोन्ही वयांना पुरणारा उद्योग आहे, तासभर तिथेच गेला, हात चिकट, ओठ जांभळे. गावातल्या मुली पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं विकायला बसल्या होत्या, आमच्या पोरीने त्यातल्या एकीला विचारलं तू कितवीत, ती म्हणाली दुसरीत जाणार, ही म्हणाली मी पण. मग दोघींनी बसून बिया लांब कोण फेकतं ते बघितलं.

अमृतेश्वराचं देऊळ हेमाडपंती, सगळं दगडाचं, आणि कोरीव काम असं की नुसतं भिंतीभोवती फिरायला वेळ काढावा. मागे रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुट्टा सुळका. प्रवरा याच रतनगडावर उगम पावते, आदल्या दिवशी धरणात बघितलेलं पाणी इथून येतं हे मोठीने आपणहून जोडलं. देवळाजवळची पुष्करणी फार देखणी आहे, चारी बाजूंनी कोनाडे आणि त्यात मूर्ती. पायऱ्या उंच आहेत, लहान मुलांचा हात सोडू नका. सासूबाईंनी गाभाऱ्याबाहेर बसून शिवमहिम्न म्हटलं, धाकटा त्यांच्या मांडीवर निवांत.

गावातच एका घरी जेवलो, सकाळीच फोन करून सांगितलं होतं, इथे ऐनवेळी जेवण मिळत नाही. तांदळाची भाकरी, हुलग्याची आमटी, कैरीचं लोणचं. नवऱ्यासाठी गावठी कोंबडी, त्याने बोलणं बंद केलं होतं.

सांदण दरी इथून जवळ, साम्रदला. आम्ही गेलो नाही. मोठमोठ्या दगडांवरून उतरायचं असतं, मध्ये पाणी लागतं, आणि वळवाचे दिवस. तीन वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे कुणी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रतनगडाच्या शिड्याही तशाच, दहा-बारा वर्षांचे होऊ देत.

परतल्यावर धाकट्याचं अंग गरम लागलं. थर्मामीटर लावला, शंभरच्या थोडं वर. तापाचं औषध, ओआरएस, थर्मामीटर बरोबर असतात म्हणून घाबरायला झालं नाही, राजूरला डॉक्टर आहेत हेही आधीच विचारून ठेवलं होतं. मावशींनी भाताची पेज करून आणली, त्याने प्यायली आणि झोपला. रात्री मोठी आणि बाबा दुसऱ्यांदा काजवे बघायला गेले आणि मी पडवीत मावशींशी बोलत बसले.

त्यांनी सांगितलं, भातकापणी झाली की इथली खूप माणसं नारायणगावकडे मजुरीला जातात, लहान पोरांना घेऊन. त्याही जायच्या, ह्या मुलाला झोळीत घेऊन. आता काजव्यांच्या दिवसात आणि पावसाळ्यात पाहुणे येतात, म्हणून गेली काही वर्षं जावं लागत नाही. "पोरगं शिकलं त्यामुळं," म्हणाल्या. मग उठून आत जाऊन धाकट्याच्या कपाळाला हात लावून आल्या, "उतरलाय बघा ताई." खरंच उतरला होता. अशा घरी राहा, पैसे त्यांच्याच हातात द्या, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

शनिवार : बारी आणि परत

सकाळी धाकटा ठणठणीत. वासराचा निरोप घेताना मोठं रडगाणं झालं, वासराला ठाण्याला न्यायचं होतं. मावशींनी सासूबाईंची खणानारळाने ओटी भरली, पोरांच्या हातावर शेंगदाण्याचे लाडू ठेवले.

जाताना बारीला थांबलो. कळसूबाईचं पायथ्याचं देऊळ आहे तिथपर्यंत चालत गेलो, ज्यांना वर जाणं जमत नाही ते इथेच दर्शन घेतात. शेताच्या बांधावरून वाट, मध्ये ओढा, धाकटा निम्मं स्वतः चालला. वरून शिड्या उतरून आलेले ट्रेकर भेटले, मोठीने त्यांना थाळेमेळची गोष्ट सांगितली, ते थांबून ऐकत राहिले. देवीला नमस्कार करून ती म्हणाली, मोठी झाले की वर येईन. नवऱ्याने वर्ष विचारलं, तर ती म्हणाली, "चौथीत."

घोटीला तांदूळ घेतला. तिथे भाताच्या गिरण्या भरपूर आहेत, इंद्रायणी घेताना मूठभर हातात चोळून वास बघून घ्या. समोरून भंडारदऱ्याकडे गाड्यांची नुसती रीघ लागली होती, शनिवार ना. दुपारी चारच्या आत ठाण्यात.

सप्टेंबरअखेर परत जायचं ठरवलंय, तेव्हा सगळीकडे सोनकी फुललेली असते आणि रंधा धबधब्यालाही पाणी असतं. कालच मावशींना फोन केला. म्हणाल्या नवरात्राच्या आधीच या, एकदा कापणी सुरू झाली की मला तुमच्यासाठी भाकरी करायला वेळ नाही व्हायचा. आणि वासरू मोठं झालंय म्हणून सांगा म्हणाल्या बाळाला.